सालीने कमावलेल्या चामड्याची शिल्पपात्रे : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

चामड्याचे भांडे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. विहिरीवरची मोट, भिस्त्याची पखाल आणि तेल-तूप साठवण्याचा बुधला ही सगळी चामड्याचीच पात्रे होती. पंप, नळ आणि पत्र्याचे डबे आल्यावर त्यांची गरज संपली आणि ती घडवणारे हातही दुसऱ्या कामांकडे वळले. राजस्थानात बिकानेरच्या उस्ता कलेत मात्र हे तंत्र शोभेच्या रूपाने टिकून राहिले. तेथे उंटाचे ओले कातडे मातीच्या साच्यावर चढवतात, ते वाळून कडक झाले की आतली माती फोडून काढून टाकतात आणि उरलेल्या पोकळ कुपीवर सोनेरी नक्षी करतात. आज ज्याला शिल्पपात्र म्हटले जाते त्यामागचे तत्त्व हेच आहे. ओले चामडे हवे तसे वळते आणि वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते. फरक इतकाच की येथे पात्राने काही साठवावे अशी अपेक्षा नसून, त्याचा आकार, चुण्या आणि काठाची लय हेच त्याचे प्रयोजन असते.

या लेखात दोन पात्रांची कृती दिली आहे. पहिले पात्र म्हणजे एकाच तुकड्यातून ओढून केलेला चुणीदार वाडगा, आणि दुसरे म्हणजे दोन तुकडे शिवून व वाळू भरून फुगवलेला बुधला. दोन्हींमध्ये हत्यारांपेक्षा पाण्याचा अंदाज महत्त्वाचा आहे. शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीचा वाफसा पाहतो, म्हणजे चिखलही नको आणि ढेकूळही नको अशी ओल शोधतो, तसाच वाफसा चामड्याचाही असतो आणि तो ओळखता आला की निम्मे काम झाले असे समजावे.

चामडे कोणते घ्यावे

या कामाला केवळ झाडाच्या सालीसारख्या वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेले, म्हणजेच सालीचे चामडेच चालते. दुकानदार त्याला ‘व्हेज टॅन’ म्हणतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे, ज्याच्या बहुतेक पर्स, जॅकेटे आणि सोफ्याची कव्हरे बनतात, ते पाण्यात भिजवून कितीही दाबले तरी वाळल्यावर मऊच राहते आणि पुन्हा सपाट होऊ पाहते. कातड्यातील तंतूंना वनस्पतीतील टॅनिन हे तुरट द्रव्य भरीव करते. ओलाव्याने हे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पाणी उडून गेले की नव्या जागी एकमेकांना धरून बसतात. क्रोमच्या चामड्यात ही भरीव पकड नसते.

ओळखण्यासाठी सोपी परीक्षा आहे. बोटभर रुंदीची पट्टी कापून तिच्या कडेकडे पाहावे. क्रोमच्या चामड्याची आतली कड बहुधा निळसर-राखाडी दिसते, तर सालीच्या चामड्याची कड आरपार तपकिरी किंवा बदामी असते. रंग दिलेला असल्यास मात्र डोळ्यावर विसंबू नये. तशीच पट्टी उकळत्या पाण्यात टाकली तर सालीचे चामडे क्षणात आकसून वेटोळे होते, आणि क्रोमचे चामडे जवळजवळ जसेच्या तसे राहते. दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी ही परीक्षा घरी करून पाहावी, कारण अर्धे क्रोम व अर्धे वनस्पती अशा मिश्र पद्धतीचे चामडेही बाजारात मिळते आणि ते नवशिक्याचा पुरता गोंधळ उडवते.

महाराष्ट्रात सालीचे चामडे म्हटले की कोल्हापूरचे नाव प्रथम येते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबरच कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या चार जिल्ह्यांनाही लागू आहे. या पट्ट्यात बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची जुनी रीत आहे. तीत कातडे पिशवीसारखे शिवतात, त्यात सालीचा काढा भरतात आणि ती पिशवी टांगून ठेवतात, म्हणजे द्रव हळूहळू कातड्यातून झिरपत आरपार मुरतो. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या ढोर-कक्कय्या आणि चर्मकार समाजांनी जपले आहे, आणि आजही कोणत्याही पुस्तकापेक्षा अशा एखाद्या कारागिराजवळ अर्धा दिवस बसणे अधिक शिकवून जाते. चपलेच्या तळासाठी केलेले जाड, कडक चामडे मात्र आपल्या उपयोगाचे नाही. वरच्या पट्ट्यांसाठी लागणारे त्याहून नरम चामडे मागावे. कोल्हापुरी नाही मिळाले तर तमिळनाडूत किंवा कोलकात्यात कमावलेले वनस्पतीजन्य चामडे मुंबईत धारावीच्या बाजारात विचारावे. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू असल्याने चामडे कोणत्या जनावराचे आहे ते विचारून, पावती घेऊनच खरेदी करणे शहाणपणाचे. स्थानिक माल बहुधा म्हशीचा असतो. त्याचा पोत थोडा भरड असतो, परंतु शिल्पपात्राला तो उलट शोभून दिसतो.

एकाच कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीकडचा भाग घट्ट व ताठ असतो, पोटाकडचा सैल आणि वाटेल तसा ताणणारा असतो, तर खांद्याचा भाग या दोहोंच्या मधला असतो. पहिल्या पात्रासाठी खांदाच मागावा. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर असावी. दोन मिलिमीटरच्या आतले चामडे वाळल्यावर काठाशी लुळे पडते, आणि चार मिलिमीटरचे चामडे हातांना दाद देत नाही. वरच्या बाजूवर मेण, रंग किंवा चकाकीचा थर दिलेला नसावा. ओले बोट टेकवल्यावर डाग लगेच गडद झाला तर चामडे पाणी पिते आहे असे समजावे.

हत्यारे आणि साचा

चांभारकामाची रापी आणि आरी, दोन बोथट सुया, मेणवलेला तागाचा दोरा, कपडे वाळत घालण्याचे प्लॅस्टिकचे चिमटे, घोटण्यासाठी हाडाची किंवा सागवानाची गुळगुळीत पट्टी, बारीक पॉलिश पेपर आणि स्वयंपाकघरातील वजनकाटा एवढे पुरे. रापी नसेल तर मजबूत कटर चालतो, पण त्याचे पाते दर खेपेला नवे असावे. बोथट पात्याने जोर लावावा लागतो आणि हात नेमके तेव्हाच कापले जातात.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ओल्या चामड्याजवळ साधे लोखंड येऊ देऊ नये. टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन निळा-काळा डाग पडतो व तो धुऊन जात नाही, म्हणून लोखंडी घमेल्यात भिजवणे, लोखंडी खिळ्यांनी ठोकणे किंवा गंजकी कात्री वापरणे टाळावे. स्टेनलेस स्टीलचे पातेले, प्लॅस्टिकचा टब आणि पितळी टाचण्या वापरता येतात.

साचा म्हणून बारा सेंटिमीटर व्यासाचा, गोल बुडाचा लाकडी किंवा स्टीलचा वाडगा पालथा घालून घ्यावा. तो तोंडाशी आत वळलेला नसावा, अन्यथा वाळलेले चामडे त्यावरून निघणार नाही. त्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून बसवले की चामडे चिकटत नाही आणि धातूचा डागही पडत नाही.

वाडग्याचे गणित

सपाट चकतीचा वाडगा करताना नेमकी अडचण कोठे येते हे आधी समजून घेतले तर पुढचा गोंधळ टळतो. आपला साचा अर्धगोल आहे असे धरले तर त्याची त्रिज्या सहा सेंटिमीटर. बुडाच्या मध्यापासून काठापर्यंत वक्रावरून मोजले तर अंतर साधारण साडेनऊ सेंटिमीटर भरते. म्हणजे चकतीवर साडेनऊ सेंटिमीटर त्रिज्येचे जे वर्तुळ आहे तेच वाडग्याचा काठ होणार. त्या वर्तुळाचा परीघ सुमारे एकोणसाठ सेंटिमीटर, आणि साच्याच्या काठाचा परीघ मात्र अडतीसच्या आत. उरलेले एकवीस सेंटिमीटर चामडे कोठे तरी जायला हवे. थोडे दाबून आत मुरवता येते, बुडाकडचे चामडे ताणून थोडे कमी करता येते, पण बाकीचे चुण्यांच्या रूपानेच बाहेर येते. नवशिका या चुण्यांना दोष समजून त्यांच्याशी झगडत बसतो. माझ्या मते पहिल्याच पात्रात त्यांना रचनेचा भाग करून टाकावे. पाच चुण्या केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम चार सेंटिमीटर येते, म्हणजे काठाशी दोन सेंटिमीटर उंचीची एक उभी पन्हळ, आणि ही पन्हळ बुडाकडे उतरताना आपोआप विरून जाते. विषम संख्येच्या चुण्यांनी पात्र अधिक जिवंत दिसते, म्हणून चार किंवा सहाऐवजी पाच घ्याव्यात.

चुण्याच नको असतील तर खोली कमी करावी. तीन-चार सेंटिमीटर खोलीची पसरट थाळी चुणीविना निघते. खोल आणि गुळगुळीत पात्र हवे असेल तर प्लायवूडच्या जाड फळीला भोक पाडून तिने चामडे साच्यावर दाबून बसवावे लागते. हे भोक साच्याच्या व्यासापेक्षा चामड्याच्या जाडीच्या दुपटीने मोठे असावे, म्हणजे बारा सेंटिमीटरचा साचा आणि तीन मिलिमीटरचे चामडे असेल तर १२.६ सेंटिमीटर, आणि वर एखादा मिलिमीटर सवड.

कापण्यासाठी काठावर दोन सेंटिमीटर जादा धरून तेवीस सेंटिमीटर व्यासाची चकती घ्यावी. एक चौरस फूट चामड्यात ती बसते आणि परीक्षेच्या पट्ट्यांनाही कोपरे उरतात. जनावराच्या कण्याची दिशा चकतीच्या मागे पेन्सिलीने खूण करून ठेवावी, कारण त्या दिशेला चामडे कमी ताणते आणि आडव्या दिशेला जास्त. खूण नसेल तर वाडगा लंबगोल का झाला याचा शोध नंतर लागत नाही.

भिजवणे आणि ओढणे

चकती कोरडी असतानाच वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावे, याचा उपयोग पुढे होणार आहे. मग हाताला कोमट लागेल इतक्याच पाण्यात ती बुडवावी. गरम पाणी अजिबात नको, त्याचे कारण पुढे येईल. चामड्यातून बारीक बुडबुडे निघू लागतात, आणि तीन मिलिमीटरच्या चामड्यात ते थांबायला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी आरपार गेले. पाण्याला चहासारखा रंग येतो, त्याची काळजी करू नये.

बाहेर काढलेली चकती टॉवेलात गुंडाळून नुसती टिपावी, पिळू नये. ती आता लिबलिबीत असते. खोल ओढण्याचे काम याच अवस्थेत करायचे. चकतीचा मध्य साच्याच्या बुडावर ठेवून दोन्ही तळव्यांनी मध्यापासून खाली दाबत न्यावे. बोटांच्या टोकांनी ओढल्यास वरच्या थरावर वळ उठतात. एकदा आडवे, एकदा उभे, पुन्हा तिरके अशी जागा बदलत सावकाश खाली उतरावे, आणि चुणी उठू लागली की पाच ठिकाणी ती दोन बोटांत धरून उभी करावी. प्रत्येक चुणीवर एक चिमटा लावावा. चिमट्याखाली चामड्याचाच छोटा तुकडा ठेवला तर दाताचा ठसा पडत नाही.

यानंतर वाफशाची वाट पाहायची. तासाभराने किंवा हवेप्रमाणे दोन-तीन तासांनी चामड्याचा गडद रंग कडेपासून फिका होऊ लागतो, स्पर्श गार लागतो पण बोट ओले होत नाही, आणि नखाने हलकी रेघ ओढली तर ती गडद उमटून तशीच राहते. हा क्षण बारीक कामाचा. चिमटे काढून हाडाच्या पट्टीने चुण्यांच्या कडा घोटाव्यात, त्यांच्या मधल्या दऱ्या साच्याला चिकटवाव्यात, काठ थोडा बाहेर लवावा किंवा एका बाजूला उंच सोडावा. पोताचे ठसे, रेघा, टिंबे जे काही उमटवायचे ते याच वेळी. याआधी केले तर ठसे विरतात, नंतर केले तर चामडे मानत नाही. मध्येच ते फार वाळले असे वाटले तर ओल्या स्पंजाने दोन्ही बाजूंनी सारखे पुसून पुन्हा वाफशावर आणता येते. एकाच बाजूने पुसल्यास मात्र पाण्याची रेघ पडते.

वाळवणे

वाळवताना घाई केली तर सगळे केलेले काम बिघडते. ऊन, हीटर आणि गॅसची शेगडी यांपासून पात्र दूर ठेवावे. कड आधी वाळून आकसते, मध्य ओला राहतो आणि काठ वाकडा होतो किंवा तडकतो. सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी, साच्यासकट एक ते दोन दिवस ठेवावे. आकार पक्का झाला की साचा काढून पात्र पालथे घालावे, म्हणजे आतल्या बाजूलाही हवा लागेल. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हवाच इतकी कोरडी असते की वर सैल सुती कापड झाकून वाळणे मुद्दाम लांबवावे लागते. उलट कोकणात आणि गोव्यात आषाढ-श्रावणात दोन दिवसांतच हिरवट बुरशी धरते, तेव्हा एक तर पंख्याखाली वाळवावे किंवा हे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे.

पुरते वाळले की नाही हे हाताला कळत नाही, ते काट्याला कळते. भिजवण्यापूर्वीचे वजन परत आले म्हणजे वाळले. तोवर रंग, मेण काही लावू नये.

कडकपणा हवा असल्यास

पात्र याहून टणक हवे असेल तर उष्णतेचा उपयोग करता येतो, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या पात्रापासून. सालीने कमावलेले ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान एकाएकी आकसते, जाड होते आणि वाळल्यावर लाकडासारखे कडक होते. मध्ययुगीन युरोपात चिलखते व पेट्या याच गुणधर्मावर करीत. भिजलेले पात्र ८० अंशांच्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच साच्यावर चढवावे लागते, आणि हात चालवायला मिनिटभराच्या वर सवड मिळत नाही. पात्र लहान होणार हे धरून साचाही लहान घ्यावा लागतो. जास्त वेळ बुडाले तर चामडे ठिसूळ होऊन पुढे तडकते. आधी सारख्या लांबीच्या चार पट्ट्या पाच, दहा, वीस आणि तीस सेकंद बुडवून किती आकसतात ते मोजावे, थर्मामीटरशिवाय हा प्रयोग करू नये, आणि चिमटा व जाड हातमोजे वापरावेत.

शिवलेला बुधला

मनगटाएवढे तोंड आणि फुगीर पोट असलेला बुधला लाकडी किंवा स्टीलच्या साच्यावर होत नाही, कारण तसा साचा आतून काढता येत नाही. त्यासाठी पेअरच्या आकाराचे दोन सारखे तुकडे कापावेत. आतल्या खरखरीत बाजू एकमेकींना लावून, कडेपासून पाच मिलिमीटर आत, पाच-पाच मिलिमीटरवर आरीने तिरकी भोके पाडावीत आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर नेत शिवण घालावी. या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. तोंडाचा भाग अर्थातच उघडा ठेवावा, आणि तोंडाजवळच्या शेवटच्या तीन टाक्यांवर उलट शिवण घालावी, कारण सगळा ताण तेथेच येतो.

शिवलेली पिशवी बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावी. मग धुऊन चाळलेली, पूर्ण कोरडी बारीक वाळू मूठ-मूठ भरत लाकडी दांड्याने ठासावी. प्रथम दोन्ही कोपरे, मग बूड, मग पोट. सपाट पिशवी हळूहळू गोल होत जाते, शिवणीची कड बाहेर एखाद्या कंगोऱ्यासारखी उभी राहते, आणि चामडे कोठे जास्त सैल आहे ते पोटाच्या फुगवट्यावरून उघड दिसते. त्या बाजूला वाळू कमी ठासून समोरच्या बाजूला जास्त ठासली तर बुधला मुद्दाम कललेला करता येतो. शिल्प म्हणून मला असाच कललेला बुधला अधिक आवडतो, कारण तो साच्यातून काढल्यासारखा दिसत नाही. वाफशावर आल्यावर शिवण हाडाने घोटून घ्यावी. आतली वाळू ओल शोषून धरते, म्हणून बाहेरची बाजू टणक झाली की वाळू ओतून टाकावी, आणि तोंड वर करून पात्र पुढे तीन-चार दिवस वाळू द्यावे. चिकटलेले कण कोरड्या ब्रशने निघतात.

काठ, रंग आणि मेण

काठ रापीने सारखा करून पॉलिश पेपरने घासावा, किंचित ओला करून जाड सुती कापडाने किंवा लाकडाने घोटावा. घोटता घोटता कड गरम होते आणि एकजीव चकचकीत होते. डिंकाचे पातळ पाणी लावल्यास चकाकी अधिक टिकते.

रंगासाठी बाजारातले चामड्याचे रंग आहेतच, परंतु ज्या लोहाला आतापर्यंत दूर ठेवले त्याचाच सर्वांत सुंदर काळा रंग होतो. गंजके खिळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजत ठेवावेत. बरणीचे झाकण सैल असावे, कारण आत वायू तयार होतो. गाळलेले द्रव ब्रशने लावताच चामडे राखाडी आणि काही मिनिटांत काळे होते, कारण रंग वरून बसत नाही, चामड्यातल्या टॅनिनशीच त्याचा संयोग होतो. नंतर पाण्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवून त्याने पुसले की आम्लाचा अंश मरतो. आधी तुकड्यावर करून पाहावे, कारण हिरड्याचे प्रमाण जसे असेल तशी काळ्याची छटा बदलते.

शेवटी मेण. मधमाशांचे मेण ६२ ते ६५ अंशांच्या आसपास वितळते. ते उकळत्या पाण्यात पातेले ठेवून वितळवावे, थेट आचेवर कधीही नाही. पूर्ण कोरड्या पात्रावर ब्रशने लावून हेअर ड्रायरच्या मंद झोताने मुरवावे आणि वरचे जास्तीचे मेण कापडाने पुसून घ्यावे. पात्र आतून ओले राहिले असेल तर हीच उष्णता त्याला आकसवते, म्हणून वजनकाट्याची साक्ष आधी घ्यावी. खोबरेल किंवा इतर तेल चोपडण्याचा मोह टाळावा, कारण तेलाने तंतू पुन्हा सैल होतात आणि कष्टाने बसवलेला आकार ढिला पडतो.

असे पात्र सुपारी, किल्ल्या, वाळलेली फुले यांसाठी वापरावे. पाणी, ताक, गरम पदार्थ किंवा तेलकट खाऊ त्यात ठेवू नये. काठ वाकडा वाटला तर मेण लावण्यापूर्वी तेवढा भाग ओलसर करून पुन्हा घोटता येतो, मेणानंतर तो मार्ग जवळजवळ बंद होतो. पावसाळ्यात पात्र बंद कपाटात ठेवू नये, उघड्या फडताळावर ठेवावे आणि आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने आतून-बाहेरून पुसावे. बुरशीचा पांढुरका ठिपका दिसल्यास तो आधी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटकावा आणि मगच मेणाचा एक पातळ हात द्यावा.